पिल्लांच्या खोलीची किल्ली

सकाळी सव्वासातला आमच्या कुत्र्यांच्या शेल्टरमधल्या मावशींनी पिल्लांच्या खोलीतून हाक मारली. "अहो, या जरा." एरवी त्या मला ताई म्हणतात. हातातलं रजिस्टर तसंच ठेवून गेले.

खोलीत नऊ पिल्लं. आठ जणांची ताटाभोवती ढकलाढकली चाललेली. नववी, कपाळावर पांढरा ठिपका म्हणून जिला आम्ही टिकली म्हणायचो, ती पाण्याच्या भांड्याच्या काठावर हनुवटी टेकून बसली होती. पीत नव्हती, नुसती बसली होती. मळमळतंय, तहान आहे आणि घोट घेववत नाही, असं असलं की कुत्रं असं बसतं. पाठीची कातडी चिमटीत धरून सोडली, ती खाली बसायला कितीतरी वेळ लागला. हिरड्या चिकट. मागे फरशीवर पातळ, रक्ताळलेली शी पडली होती. तो वास एकदा नाकात बसला की पुन्हा ओळखायला डॉक्टर लागत नाही.

तरी शीची टेस्ट केली. दहाएक मिनिटं लागतात. लस दिल्यावर काही दिवस या टेस्टवर फिकी रेघ येऊ शकते, म्हणून मी मनाशी म्हणत होते, फिकी येऊ दे. आली ती ठसठशीत. पार्व्हो, म्हणजे पिल्लांची आतडी पोखरणारा, झपाट्याने पसरणारा विषाणूचा आजार.

आता मुळातली गोष्ट सांगते, कारण ती लपवून बाकीचं सांगण्यात अर्थ नाही. पाच दिवसांपूर्वी पहाटे फाटकापाशी कोणीतरी खोका ठेवून गेलं होतं. आत चार पिल्लं, त्यात टिकली. नवीन आलेलं जनावर चौदा दिवस वेगळं राहणार, हा आमच्याकडचा पहिला नियम. पण त्या दिवशी क्वारंटाइनचे सगळे पिंजरे भरलेले. पिल्लं टुणटुणीत होती, डोळे स्वच्छ, भूक चांगली. मावशी दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "खोक्यातली आत नको, ताई." मी म्हणाले, "लस टोचली आहे, काही होत नाही." आणि त्या चौघांना आधीच्या सात जणांत सोडलं. रजिस्टरमध्ये 'कुठे ठेवलं' या रकान्यात 'पिल्लांची खोली' असं लिहिलंय, ते माझ्याच अक्षरात.

लस टोचली होती हे खरं. पण विषाणू आधीच अंगात शिरला असेल तर लस त्याला मागून गाठत नाही. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, आणि पिल्लू खेळतंय-बागडतंय असं दिसत असतानाच त्याच्या शीतून विषाणू पडायला लागलेला असतो. शिवाय पिल्लांच्या बाबतीत एक विचित्र पेच असतो. आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण हळूहळू ओसरत जातं. ते रोगाला अडवण्याइतकं उरलेलं नसतं, पण लसीला निकामी करण्याइतकं मात्र असतं. ही मधली फट कुठल्या पिल्लाला कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून तर शेल्टरमध्ये दर दोन-तीन आठवड्यांनी डोस, चार-पाच महिन्यांचं होईपर्यंत. हे सगळं मी नव्या पोरांना शिकवते. शिकवते, आणि तरीही खोका आत घेतला.

डॉक्टर येईपर्यंत टिकलीला टॉवेलात गुंडाळून बाहेर काढलं. अंग गार लागत होतं, ताप अठ्ठ्याण्णवच्याही खाली. निरोगी पिल्लाचा एकशे एक-दोन असतो. ऑफिसला लागून सामानाची खोली होती, ती रिकामी केली. रद्दी, जुन्या चादरी, मोडके पट्टे, सगळं अंगणात. तेच आमचं आयसोलेशन. डॉक्टरांनी शीर शोधायला बराच वेळ घेतला, इतक्या सुकलेल्या पिल्लाची शीर धाग्यासारखी असते. मग कोमट केलेलं सलाईन, ग्लुकोज, उलटी थांबवायचं इंजेक्शन, अँटिबायोटिक. विषाणूला थेट मारणारं औषध आमच्या कपाटात नाही. शरीर लढेपर्यंत पिल्लाला धरून ठेवायचं, एवढंच. उपचार नसतील तर दहातली नऊ जाऊ शकतात. वेळेवर सलाईन लागलं तर आठ-नऊ वाचतातही. वेळेवर, हा शब्द मला त्या दिवशी फार टोचत होता.

दुपारपर्यंत खोक्यातला दुसरा, काळा बोका-तोंड्या, त्यानेही ओकारी काढली.

मग खोली धुणं. या कामाबद्दल लोकांना वाटतं की आम्ही दिवसभर कुत्री कुरवाळतो. आम्ही दिवसभर धुतो. पार्व्होचा विषाणू महिनोन् महिने जमिनीत, भेगांत, चपलांच्या तळव्याला टिकून राहतो. साधं फिनेल त्याचं काही बिघडवत नाही. १९७८च्या सुमारास तो पहिल्यांदा ओळखला गेला आणि एक-दोन वर्षांत जगभर पोचला, तो उगाच नाही. त्यावर ब्लीच चालतं: एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी. पण घाणीवर ओतलं तर ब्लीच घाणीतच संपतं. म्हणून आधी साबणाने घासायचं, धुवायचं, मग ब्लीच, आणि दहा मिनिटं फरशी ओली राहिली पाहिजे. घड्याळ लावून. लाकडी फळ्या, मऊ खेळणी, फाटक्या गाद्या धुऊन भागत नाही, त्या गेल्या. एक कापडी ससा होता, सगळ्या पिल्लांनी कान चावलेला. तोही गेला.

कामाचा क्रमही बदलला. आधी निरोगी, मग संपर्कात आलेली सात, शेवटी आजारी, आणि आजाऱ्यांकडून उलट पावली कोणी यायचं नाही. आजाऱ्यांसाठी एकच माणूस, वेगळे कपडे, वेगळ्या चपला. ते काम मी माझ्याकडे घेतलं. शिक्षा म्हणून नव्हे. दुसऱ्या कोणाला सांगायला तोंड नव्हतं.

सगळ्यात जड गेले ते दोन फोन. जुन्या सातांपैकी दोन पिल्लं दोनच दिवसांपूर्वी दत्तक गेली होती. पहिल्या घरच्या बाईंनी शांतपणे ऐकलं, लिहून घेतलं, डॉक्टरांकडे कधी न्यायचं ते विचारलं. दुसरे गृहस्थ म्हणाले, "म्हणजे आजारी पिल्लू गळ्यात मारलंत आमच्या." मी म्हणाले, हो, तसंच झालंय. त्यावर त्यांनाही पुढे काय बोलावं सुचेना. मग मी लक्षणं सांगितली, पिल्लाला इतर कुत्र्यांपासून लांब ठेवायला सांगितलं, तपासणीचा खर्च आमचा हे सांगितलं. त्यांचं पिल्लू तिसऱ्या दिवशी आजारी पडलं आणि लगेच नेल्यामुळे बरंही झालं. ते अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. बरोबरच आहे.

तिसऱ्या प्रहरी फाटकावर 'प्रवेश बंद, दोन आठवडे' अशी पाटी लावली. शाई वाळायच्या आत एक माणूस पिशवीत पिल्लू घेऊन हजर. रस्त्याच्या कडेला मिळालं म्हणाला. मी फाटकाच्या आतून सांगत होते की आत रोग आहे, हे पिल्लू आत आणलं तर आठवड्यात मरेल. त्याला ते पटत नव्हतं.

"मग शेल्टरचा बोर्ड कशाला लावलाय?"

या प्रश्नाला उत्तर नाही असं नाही. उत्तर लांबलचक आहे आणि फाटकाबाहेर उभ्या माणसाला ते बहाणा वाटतं. आमच्याकडे जागा किती हे पिंजऱ्यांवर ठरत नाही, हातांवर ठरतं. एक माणूस दिवसाला किती जनावरांचं खाणं, धुणं, औषध आणि जरासं खेळणं नीट करू शकतो, तेवढीच आमची जागा. त्यापलीकडे घेतलेलं प्रत्येक जनावर आधीच्यांच्या वाट्याचं खातं. पाच दिवसांपूर्वी मी याच हिशेबात चूक केली होती. त्या माणसाला एवढंच म्हणाले की दोन आठवडे तुम्ही सांभाळा. खोका, टॉवेल, खाणं आम्ही देतो, लसीचं डॉक्टरांशी बोलते. आमच्याकडे काम करणाऱ्या दादाने नव्या कोऱ्या खोक्यात सगळं भरून फाटकाबाहेर ठेवलं. त्या माणसाने खोका उचलला, नंबर मात्र दिला नाही. पिल्लाचं काय झालं कळलं नाही.

रात्री मी आयसोलेशनमध्येच पथारी टाकली. दर दोन तासांनी सलाईनची नळी बघायची, खालचं फडकं बदलायचं, गरम पाण्याची बाटली पुन्हा भरायची. काळा पहाटे चारच्या सुमारास गेला. शेवटी शेवटी त्याचं अंग बाटलीइतकंही ऊब धरत नव्हतं. टिकलीने सकाळी डोकं उचललं आणि माझ्या हातमोज्याला चाटलं, तेवढंच. तिने तोंड लावून खायला तिसरा दिवस उजाडला. खोक्यातली उरलेली दोन आणि जुन्या पाचांतलं एक, अशी आणखी तीन आजारी झाली; त्यातलं एक गेलं. रजिस्टरमध्ये दोन नावांपुढे तारखा घातल्या. 'कुठे ठेवलं' हा रकाना खोडावासा वाटला होता, खोडला नाही.

पुढच्या बैठकीत मी पिल्लांच्या खोलीची किल्ली मावशींच्या हातात दिली. नवीन जनावर कुठे जाणार ते त्या ठरवणार, मी नाही. त्यांनी "मला कशाला" वगैरे काही म्हटलं नाही. किल्ली कमरेला खोचली आणि बादली उचलून गेल्या.

महिन्याभराने फाटकाशी पुन्हा खोका. तीन पिल्लं, क्वारंटाइन पुन्हा भरलेलं. मी खोका घेऊन मावशींसमोर उभी राहिले. त्यांनी आत डोकावून बघितलं, एकाच्या कानामागे खाजवलं, लगेच हात धुतले.

"तुमच्या ऑफिसात ठेवा."

"चौदा दिवस?"

"मग."

चौदा दिवस मी टेबलाखाली पाय सोडून बसू शकले नाही. चपलेचा एक पट्टा गेला, आणि कुठल्याशा अर्जाची दोन पानंही.