मोहाची पानं कशाला तोडता?

किनवट-माहूरकडे मोहाची पानं पाकिटात भरताना हा प्रश्न हटकून येतो, "मॅडम, झाड समोर उभं हाय की, त्यात बघायचं काय राहिलं?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

झाड दिसतं, त्याचं नातं दिसत नाही. म्हातारे मोह जागोजागी उभे आहेत, पण त्यांच्याखाली कोवळ्या वयाचं झाड क्वचितच सापडतं. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पालापाचोळा जाळतात, त्यात रोपं जातात. बियाही तेलासाठी वेचल्या जातात. मग कुणीतरी हौसेनं रोपवाटिका काढतं आणि जवळच्या एकाच झाडाखालचं बी आणतं. सगळी रोपं एका आईची! सोयरीक जुळवताना आपण देवक विचारतो, झाडांचं मात्र कुणी विचारत नाही.

ते विचारायला मार्कर, म्हणजे पानांतल्या डीएनएमधल्या ओळखखुणा, लागतात. डीएनएत काही जागी दोन-तीन अक्षरं ओळीनं पुन्हापुन्हा येतात. एका झाडात समजा 12 वेळा, दुसऱ्यात 17. प्रत्येक झाडाकडे अशा जागेच्या दोन प्रती, एक आईकडची, एक बापाकडची. पुरेशा जागा एकत्र वाचल्या की कोण कुणाचं आणि पराग किती लांबून आला, हे कळू लागतं.

वेळ खातं ते या जागा हाती लागणं. मोहाच्या पानात चीक आणि टॅनिन हे तुरट द्रव्य. जून पान घेतलं तर डीएनए तपकिरी, चिकट निघतो आणि पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या नकला काढायचं तंत्र, अडतं. म्हणून फुलांचा हंगाम सरता सरता फुटणारी तांबूस पालवी घ्यायची, सिलिका जेलमध्ये वाळवायची. मग प्रत्येक जागेच्या दोन्ही बाजूंना चिकटणारे वीसेक अक्षरांचे डीएनएचे तुकडे, म्हणजे प्रायमर, करायचे. त्यातले बरेच कामच करत नाहीत. काही सगळ्या झाडांत एकच लांबी दाखवतात; ते फेकायचे. खरे लबाड ते, जे एक प्रत वाचतात आणि दुसरी गिळतात. मग चांगलं झाडही जवळच्या नात्यातून जन्मल्यासारखं भासतं.

आता डीएनएचा क्रम थेट वाचून हजारो खुणा मिळतात, कबूल. पण शेकडो झाडं तपासायची तर माझा कल अजून या जुन्या मार्करांकडेच. साध्या लॅबमध्येही ते चालतात.

बी गोळा करणाऱ्यांनी मात्र माझ्या निकालाची वाट बघू नये. एकमेकांपासून लांबच्या बऱ्याच झाडांखालचं थोडं थोडं बी घ्या, मिसळा आणि पाऊस लागताच पेरा. मोहाचं बी फार दिवस टिकत नाही.