आमची वाटचाल : पाकळीचा ल आणि आचाऱ्यांचं मानधन

१९९७ साली कोल्हापुरात एका जुन्या कॉम्प्युटरवर डीटीपीचं काम सुरू केलं. लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल. तेव्हा फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असायचे, तेही प्रत्येकाचे वेगळे. प्रेसवाल्याकडे तो फाँट नसला की पानभर नुसतं चिन्हांचं कडबोळं. म्हणून फाइलबरोबर फाँटचीही फ्लॉपी धाडायची.

युनिकोड आलं, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला क्रमांक, तेव्हा वाटलं, सुटलो. मग एका मंडळाचा अहवाल जुन्या फाइलीवरून कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फाँटचं युनिकोड करणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढला. छापून गेल्यावर खजिनदारांचा फोन : "अहो, आपल्याकडे आचार्य कधी आले होते?" खर्चाच्या पानावर 'आचाऱ्यांचे मानधन'चं 'आचार्यांचे मानधन' झालेलं! कन्व्हर्टरने सरसकट रफार चढवला होता. खाली टिंब असलेला ऱ (०९३१), मग हलन्त (पाय मोडायचं चिन्ह), मग य असा क्रम दिला की ऱ्य उमटतो. त्याच क्रमात नुसता साधा र (०९३०) घेतला की रफारच. हिंदीचं या टिंबाच्या ऱ शिवाय अडत नाही, आपलं पावलोपावली अडतं. सगळ्या प्रती पदरमोड करून पुन्हा छापल्या.

ल चं दुखणं त्याहून चिवट. एका निवृत्त गुरुजींनी स्मरणिकेच्या प्रुफावर दिसेल त्या ल ला तांबडा गोल केला. "हा दंडाचा ल आपला नव्हे." म्हणजे उभ्या दांडीचा हिंदी ल; आपला दोन पाकळ्यांसारखा. मजकुरात चूक नव्हतीच. मराठी, हिंदी, नेपाळी, सगळ्यांच्या ल ला युनिकोडमध्ये एकच क्रमांक, ०९३२. वळण फाँट ठरवतो. श चंही तेच. शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वळणं दिली आहेत, पण आमच्या हाती येणारे बरेच फाँट हिंदी वळणाचे. काहींत दोन्ही रूपं असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की पाकळीचा ल येतो. हे मुलाने शोधून काढेपर्यंत मी दोन वर्षं फाँटच बदलत बसलो होतो.

एका सभासद यादीत 'ॲड.' शोधलं, तर निम्मेच वकील सापडले. ॲ ला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये. बाकीच्या नोंदी अ वर चंद्र देऊन केलेल्या. डोळ्यांना एकच, मशीनला दोन.

आता दुकानात चौघं आहोत. नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी त्याला एकच ओळ टाइप करायला देतो : 'दुसऱ्या आचाऱ्याने शेवयांची खीर ॲल्युमिनियमच्या पातेल्यात ढवळली.'