टाकी भरली, मग मासे कुठेत?

खाऱ्या पाण्याच्या नव्या टाकीत अजून मासे का नाहीत, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी हा विषय आपणहून काढत नाही, कारण मी एकदा सुरू झाले की घरचे हळूच दुसऱ्या खोलीत जातात.

खाऱ्या पाण्याची टाकी नवी बसवली की बघायला येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. पाणी आहे, दगड आहेत, दिवे लागलेत, पंप घुरघुरतोय, मग मासे कुठेत? महिना-दीड महिन्याने येतील म्हटलं की पुढचा प्रश्न तयारच असतो: तोवर काय, नुसतं पाणी बघत बसायचं? हो, नुसतं पाणी बघत बसायचं. ज्याला ते झेपत नाही त्याने गोड्या पाण्याचे मासे पाळावेत, तेही सुंदर असतात. (थांबावं तिथेही लागतं, पण तिथलं पाणी जरा जास्त सांभाळून घेतं.)

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकत असतो. समुद्रात तो कुठल्या कुठे विरून जातो. शंभर-दोनशे लिटरच्या काचेच्या पेटीत तो जाणार कुठे? त्यात खाऱ्या पाण्याची आणखी एक पंचाईत आहे. पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी, हे सांगणारा आकडा) जितका वर, तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.१ च्या आसपास असतो. त्यामुळे ७ च्या खालच्या गोड्या पाण्यात जेवढा अमोनिया मासा निभावून नेतो, तेवढाच इथे त्याचा जीव घेऊ शकतो.

यावर उतारा जिवाणूंचा. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे काही नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट त्या मानाने बरंच सौम्य, ते पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू दगडाच्या बारीक छिद्रांत आणि वाळूत वस्ती करतात आणि वाढतात मात्र अगदी रमतगमत. दूध नासवणारे जिवाणू अर्ध्या तासात दुप्पट होतील. यांना त्यासाठी बरेच तास, कधी अख्खा दिवस लागतो. म्हणून चार ते सहा आठवडे. बाटलीतले तयार जिवाणू किंवा जुन्या टाकीतला लाइव्ह रॉक (जिवाणूंची वस्ती आधीच झालेला दगड) मिळाला तर काम लवकर होतं, पण टेस्ट किट सांगेल तेव्हाच झालं म्हणायचं.

या काळात जिवाणूंना खायला म्हणून थोडा अमोनिया आपणच घालायचा आणि दर दोन-तीन दिवसांनी तपासायचा. छोट्या नळीत टाकीतलं पाणी घ्यायचं, थेंब मोजून टाकायचे, हलवायचं, किटवर लिहिलेली मिनिटं थांबायचं आणि रंग कार्डाशी ताडून बघायचा. नेहमीच्या किटमध्ये पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवा जितका गडद तितका जास्त. हे खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात बघावं. टाकीच्या निळ्या दिव्याखाली पिवळंसुद्धा हिरवं दिसतं. घातलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा झाला, नायट्राइटही शून्यावर आलं आणि नायट्रेट दिसू लागलं की टाकी तयार.

मधेच वाळूवर तपकिरी थर चढतो. ते डायटम, एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. लोक घाबरून काहीबाही औषधं ओततात. काही ओतू नका, पाण्यातलं सिलिकेट संपत आलं की बहुधा आपोआप ओसरतात.

समुद्राचंच पाणी का नाही आणत, असंही विचारतात. आणतात काही जण. पण किनाऱ्याजवळचं पाणी पावसात पातळ झालेलं असतं, त्यात सांडपाणी आणि तेल असू शकतं, आणि परजीवी फुकट येतात. त्यापेक्षा आरओ-डीआय फिल्टरचं (क्षार जवळजवळ पूर्ण काढलेलं) पाणी घेऊन त्यात मत्स्यपालनासाठी मिळणारं सॉल्ट मिक्स विरघळवावं, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. स्वयंपाकाचं मीठ अजिबात चालत नाही. त्यात प्रवाळाला लागणारं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम नसतं. पाण्यात मीठ टाकावं, मिठावर पाणी ओतू नये, नाहीतर कॅल्शियम पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसतं.

आता देखभाल. लोकांना वाटतं स्किमर (फेस करून पाण्यातली घाण बाहेर काढणारं यंत्र), दिवे, महागडे पंप यांतच सगळं आहे. रोजची खरी लढाई बाष्पीभवनाशी असते. पाणी उडतं, मीठ मागे राहतं. १०० लिटरच्या टाकीत लिटरला ३५ ग्रॅम क्षार आहेत आणि ५ लिटर पाणी उडालं, तर तेच साडेतीन किलो मीठ आता ९५ लिटरमध्ये आहे, म्हणजे लिटरला जवळजवळ ३७ ग्रॅम. पंखा आणि उघडी टाकी असेल तर इतकं उडायला आठवडाही लागत नाही. म्हणून वरून भरायचं ते बिनमिठाचं आरओ पाणी. नवशिके हमखास खारं पाणी भरतात आणि खारटपणा चढत जातो. काचेवर पाण्याची पातळी पेनाने आखून ठेवावी आणि रोज तिथपर्यंत भरावं. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) घेता आला तर स्किमरच्याही आधी तो घ्या, असं माझं मत.

मासा याबाबतीत नाजूक का, तर समुद्रातल्या हाडांच्या माशांच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जात असतं. ते भरून काढायला तो समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. भोवतालचा खारटपणा रोज वरखाली झाला तर त्याची सगळी शक्ती त्यातच जाते. तापमान २५-२६ अंश सेल्सिअस, विशिष्ट गुरुत्व (साध्या पाण्याच्या मानाने जडपणा, त्यावरून खारटपणा कळतो) १.०२५, पण आकडा किंचित इकडेतिकडे असला तरी चालेल, स्थिर हवा. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावं, स्किमरचा कप धुवावा (नाक धरून), काच पुसावी. बस्स. वीज गेली तर आधी हवेची सोय करा. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, म्हणून बॅटरीवरचा एअर पंप घरात असू द्या.

एक गोष्ट मात्र दटावून सांगते. झोअँथिड जातीचे, बटणांसारखे दिसणारे मऊ प्रवाळ चढलेले दगड उकळत्या पाण्यात टाकून साफ करू नका. त्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं आणि वाफेतून ते अंगात जाऊन माणसं इस्पितळात पोचलेली आहेत. हाताळतानाही हातमोजे आणि चष्मा घाला.

पहिले मासे कुठले? टाकीतच पैदास झालेली क्लाउनफिशची जोडी. दोन लहान पिल्लं घेतली तरी चालतात, कारण ते सगळे आधी नर असतात आणि जोडीतला वरचढ पुढे मादी होतो. ॲनिमोनशिवाय (समुद्रात ज्याच्या शुंडकांत ते राहतात तो प्राणी) ते मजेत राहतात, त्यामुळे पहिल्या वर्षी तो आणायची घाई करू नका. प्रत्येक नवा मासा आधी महिनाभर वेगळ्या टाकीत ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत शिरला तर तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, त्याने प्रवाळ आणि कोळंबी मरतात.

आणि मुलांना हवा असलेला तो निळा टँग मासा? तो वाढून फूटभर होतो आणि दिवसभर येरझाऱ्या घालतो. शंभर लिटरमध्ये नाही, कितीही हट्ट केला तरी.