अंब्रेलाचा लोगो : व्हिलनला कवटी लागतेच असं नाही

गेममधल्या व्हिलनचं चिन्ह म्हटलं की डोळ्यासमोर काय येतं? कवटी, विंचू, साप, काहीतरी टोकदार. कमांड अँड काँकर (१९९५) मधल्या ब्रदरहूड ऑफ नॉडची लाल-काळी विंचवाची नांगी घ्या, किंवा स्ट्रीट फायटरमधला एम. बायसन, त्याच्या टोपीवर पंखवाली कवटीच आहे, म्हणजे हा माणूस वाईट आहे हे दुकानाच्या पाटीसारखं कपाळावर लिहूनच फिरतो. आणि गंमत म्हणजे हाच बायसन बनवणाऱ्या कॅपकॉमने १९९६ मध्ये रेसिडेंट ईव्हल हा झॉम्बींचा गेम काढला आणि त्यातल्या व्हिलनला, म्हणजे अंब्रेला नावाच्या कंपनीला, चिन्ह काय दिलं तर छत्री. लाल-पांढरी छत्री! तीसुद्धा उघडी, वरून बघितलेली.

मी या सिरीजचा जुना भक्त आहे त्यामुळे थोडा पक्षपात होणार, पण माझ्या मते गेम्समधला हा सगळ्यात हुशार लोगो आहे. काढायला एकदम सोपा, अष्टकोन घ्यायचा, मध्यातून आठ फाका करायच्या, एक लाल एक पांढरी, संपलं. शाळेतलं पोरगं कंपासपेटी घेऊन काढेल. पण नीट बघा, चार लाल फाका मिळून एक क्रॉस होतो, चार पांढऱ्या मिळून दुसरा. म्हणजे हॉस्पिटल, अँब्युलन्स, फर्स्ट एड असलं काहीतरी डोक्यात येतं पण रेड क्रॉस मात्र कुठेच नाही. (रेड क्रॉसचं चिन्ह जिनिव्हा करारांखाली संरक्षित आहे बरं का, मागे प्रिझन आर्किटेक्ट नावाच्या गेमवाल्यांना ब्रिटिश रेड क्रॉसचं पत्र आलं होतं की आमचं चिन्ह काढा, बिचाऱ्यांनी एवढ्याशा अँब्युलन्सवर काढलं होतं.) तर अंब्रेला ही कागदोपत्री औषध कंपनी, आणि तिचा लोगो खरंच औषधाच्या खोक्यावर शोभेल असा आहे. भीती वाटावी असं त्यात काहीही नाही आणि तिथेच खरी मेख आहे.

आता मला यातलं सगळ्यात जास्त काय आवडतं ते सांगतो. छत्रीचं चित्र काढायला सांगितलं तर कोणीही बाजूने काढतं, वर घुमट, खाली दांडा, दांड्याला मूठ. पावसात खाली उभ्या असलेल्या माणसाला पण छत्री आतूनच दिसते, काड्या आणि दांडा. हा आठ फाकांचा गोल कोणाला दिसतो तर जो खूप वर आहे त्याला, गच्चीवरून नाहीतर हेलिकॉप्टरमधून बघणाऱ्याला. आणि त्याला खाली कोण उभंय ते दिसतच नाही, माणूस पूर्ण झाकला जातो. आता ही कंपनी काढणारा म्हातारा ऑझवेल स्पेन्सर आठवा, गेमच्या कथेत त्याने मार्कस आणि अ‍ॅशफर्डबरोबर १९६८ मध्ये अंब्रेला उभी केली, आणि रेसिडेंट ईव्हल ५ मध्ये मरायच्या आधी वेस्कर या सिरीजमधल्या दुसऱ्या व्हिलनसमोर तो सरळ सांगतो की मला देव व्हायचं होतं, नवीन माणसांचं नवीन जग बनवायचं होतं. म्हणजे लोगोमध्ये आपण अख्खा वेळ स्पेन्सरच्या नजरेने बघत असतो! डिझायनरने हे ठरवून केलं असा दावा मी करत नाही, पण चित्रात ते आहे.

आणि खाली झाकले जाणारे म्हणजे रॅकून सिटीचे लोक, म्हणजे गेममधलं ते शहर जिथे अंब्रेलाच्याच व्हायरसने माणसांचे झॉम्बी होतात. त्यांच्या दृष्टीने अंब्रेला म्हणजे नोकरी, डोकेदुखीची गोळी, टीव्हीवरची जाहिरात. जुन्या रेसिडेंट ईव्हल ३ (१९९९) मध्ये अंब्रेलाच्या सेल्स ऑफिसमधला कॉम्प्युटर उघडायचा असतो, पासवर्ड काय तर कंपनीच्या औषधाचं नाव, सॅफस्प्रिन, अ‍ॅड्राविल किंवा अ‍ॅक्वाक्युअर, आणि कुठलं ते कळायला तिथला टीव्ही लावून जाहिरात बघावी लागते. बाहेर रस्त्यावर झॉम्बी, आत गोळ्यांची जाहिरात, दोन्ही एकाच कंपनीचं. त्याच गेममध्ये कार्लोस येतो, अंब्रेलाच्याच यूबीसीएस तुकडीतला भाडोत्री सैनिक, अंगावर तोच लोगो घेऊन लोकांना वाचवायला. पोरगा खरंच मनापासून आलेला असतो, पण त्याच्याच तुकडीत निकोलाय असतो, ज्याचं खरं काम माणसं आणि राक्षस यांच्या मारामारीचा डेटा गोळा करणं. मारणारा पण छत्रीवाला, वाचवणारा पण छत्रीवाला, आणि बाजूला उभा राहून वहीत लिहून घेणारा पण छत्रीवालाच. कवटी असती तर हे जमलं असतं का? कवटीवाल्याच्या गाडीत कोण बसेल.

कंपनीचा शेवट पण कसा, रेसिडेंट ईव्हल ४ (२००५) च्या सुरुवातीला गेमचा हिरो लिऑन दोन वाक्यांत उरकतो, सरकारने धंदा बंद करायला लावला, शेअर कोसळले, खेळ खल्लास. मिसाईलने रॅकून सिटी गेली आणि कंपनी गेली शेअर बाजारात.

बाय द वे, २०२० मध्ये हा लोगो आमच्या फॅमिली ग्रुपवर पण येऊन गेला. फॉरवर्ड असा होता की वुहानच्या लॅबचा लोगो बघा, सेम टू सेम अंब्रेला, आणि कोरोनाची अक्षरं फिरवली की रॅकून होतं. लोगोचा आकार खरोखर तसाच होता पण कंपनी शांघायची, वुहानपासून शेकडो किलोमीटर लांब, आणि रॅकून सिटीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन सी आहेत, फॉरवर्डवाल्याने एक गिळला होता. त्यात एप्रिलच्या सुरुवातीला रेसिडेंट ईव्हल ३ चा रीमेक आला, आपण सगळे लॉकडाऊनमध्ये घरात आणि स्क्रीनवर रिकामं क्वारंटाईन शहर. मामा ऐकायलाच तयार नव्हते, "अरे पण लोगो तोच आहे ना?"

रेसिडेंट ईव्हल ७ (२०१७) च्या शेवटी हेलिकॉप्टर येतं आणि त्यावर तोच लोगो, फक्त लालच्या जागी निळा. कंपनी म्हणे आता सुधारली, जैविक हत्यारांविरुद्ध लढते. मी जोरात हसलो होतो. नाव तेच, आकार तोच, रंग बदलून पापं धुतली, रीब्रँडिंग करणाऱ्या कुठल्याही खऱ्या कंपनीच्या तोंडात मारेल असा विनोद आहे हा.

आणि मग आला पुढचा गेम, रेसिडेंट ईव्हल व्हिलेज (२०२१). त्यात कळतं की तरुण स्पेन्सरला गेममधल्या गावात तिथल्या पंथाची प्रमुख मदर मिरांडा भेटली होती आणि छत्रीचं चिन्ह त्याने तिथल्या गुहेतल्या जुन्या चिन्हावरून उचललं. गुहेत भिंतीवर ते दिसतं तेव्हा अंगावर काटा येतो हे कबूल, पण मला नाही पटलं. इतकी वर्षं ती छत्री भारी वाटत होती कारण ती कुठल्यातरी ऑफिसात, मीटिंगमध्ये, चहा पिता पिता पास झालेली वाटायची, आता तिला शाप, पंथ, चार घराणी असलं सगळं चिकटलं. औषध कंपनीला गूढ इतिहास कशाला हवा राव, बॅलन्स शीट पुरेशी भीतीदायक असते की.