रेडिओतला नगरचा माणूस

"टी टी एफ एन!" मी निघताना आजोबा आतून म्हणाले आणि मी दारातच थांबले.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ मी घरोघरी जाऊन फिजिओथेरपी देते. पडून हाड मोडलेले, गुडघा बदललेले, पक्षाघातातून सावरणारे असे बहुतेक वयस्कर लोक माझे पेशंट. या आजोबांचा खुबा बदललेला होता, वय नव्वदीच्या घरात. त्यांना काही हवंय असं वाटून मी परत आत गेले. ते हसले. "ता-ता फॉर नाऊ. तूर्तास अच्छा. मिसेस मॉप म्हणायची."

मला वाटलं, असेल कोणी जुनी शेजारीण. मिसेस मॉप निघाली रेडिओवरची झाडूपोछावाली. 'इट्स दॅट मॅन अगेन' हा कार्यक्रम १९३९ ते १९४९ बीबीसीवर चालला आणि लोक त्याला लाडाने 'इट्मा' म्हणायचे. 'पुन्हा तोच माणूस' हे मूळचं हिटलरबद्दलचं वाक्य. वर्तमानपत्रात त्याचं नाव रोजच यायचं, तेच वाक्य उचलून टॉमी हँडली या विनोदवीराच्या कार्यक्रमाला दिलं गेलं. युद्ध सुरू झालं तसं बीबीसीने आपला करमणूक विभाग लंडनबाहेर ब्रिस्टलला हलवला. तिथेही बॉम्ब पडायला लागले, तेव्हा १९४१ मध्ये सगळी मंडळी उत्तर वेल्समधल्या बँगोर या छोट्या गावी गेली. तिथून दर आठवड्याला देशाला हसवलं जायचं. दार उघडायचं, एक पात्र यायचं, आपलं ठरलेलं वाक्य म्हणायचं, दार बंद. एवढंच. पण शाळेत, कारखान्यात, खंदकात लोक तीच वाक्यं एकमेकांना म्हणायचे. आजोबा तेव्हा सात-आठ वर्षांचे. आईवडिलांपासून दूर खेड्यात पाठवलेले. "घरी आई ऐकत असेल, इथे मी ऐकतोय, आणि दोघं एकाच वेळी हसतोय," असं त्यांना तेव्हा वाटायचं. जानेवारी १९४९ मध्ये हँडली गेले आणि त्यांच्यासाठी लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये प्रार्थनासभा झाली.

पुढच्या खेपेला त्यांनी विचारलं, "तू भारतात कुठली?" एरवी मी पुण्याजवळची म्हणून मोकळी होते, कारण पुढचं कुणाला कळत नाही. त्या दिवशी का कोण जाणे, अहमदनगर म्हणाले. आजोबांनी हातातली काठी बाजूला ठेवली. "स्पाइक मिलिगनचं गाव!"

मी नगरची. भिंगारजवळ वाढले. आता आमचं गाव अहिल्यानगर झालंय. लहानपणापासून आम्हाला माहीत काय, तर चांदबिबी, किल्ला, किल्ल्यात नेहरूंना ठेवलेली खोली, लष्कराचं रणगाड्यांचं संग्रहालय. ब्रिटिश विनोदाची दिशा बदलणारा माणूस १६ एप्रिल १९१८ रोजी आमच्या गावात जन्मला, हे मला हजारो मैलांवर एका इंग्रज आजोबांकडून कळलं. वडील ब्रिटिश सैन्यात, मूळचे आयरिश. मुलाचं बालपण पुण्याला गेलं, मग रंगूनला, आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला कुटुंब लंडनला आलं. म्हणजे इंग्लंड त्याने पाहिलं ते किशोरवयात, बाहेरून आलेल्या मुलाच्या डोळ्यांनी.

त्यानंतर आमचा एक नेम ठरला. आजोबांचे व्यायाम अर्ध्या तासाचे आणि जुने कार्यक्रमही अर्ध्या तासाचे. मी मोबाइलवर 'द गून शो' लावायचे आणि ते पाय उचलायचे. २८ मे १९५१ ला हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचं नाव वेगळं होतं. मिलिगन, पीटर सेलर्स, हॅरी सीकम आणि सुरुवातीला मायकेल बेंटीन असे चौघे होते. चौघेही युद्धाच्या काळात सैन्यदलांत होते. उत्तर आफ्रिकेतला एक प्रसंग नेहमी सांगितला जातो. मिलिगनच्या तुकडीची अवजड तोफ कड्यावरून घसरून सीकमच्या ट्रकजवळ येऊन कोसळली. जरा वेळाने एक डोकं आत डोकावलं. "कुणी तोफ पाहिलीत का?" सीकमने विचारलं, "कुठल्या रंगाची?" मरण हातभर अंतरावरून गेल्यावर जी हास्याची उकळी फुटते, तीच 'गून शो'ची जात आहे, असं मला वाटतं.

पहिल्या दोन-तीन वेळा मला काहीच कळलं नाही. आवाज इतके भराभर, स्फोट, पळापळ, मध्येच कोंबडी. मग आजोबांनी सांगितलं, शब्द पकडू नकोस, आवाज पकड. हे ऐकलं आणि दार उघडलं. पडद्यावर दाखवता येणार नाही अशी गोष्ट मिलिगन फक्त आवाजाने घडवायचे. सांगतात की त्यांना चिखलात काहीतरी आपटल्याचा अचूक आवाज हवा होता, तर त्यांनी मोज्यात कस्टर्ड भरून तो लाकडावर आपटला. मेजर ब्लडनॉक हे हिंदुस्थानातल्या फौजेतून आलेलं घाबरट पात्र. त्याच्या पोटातल्या गडगडाटासाठी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपने खास आवाज तयार केला. हा विभाग १९५८ मध्ये सुरू झाला होता. लालकाका आणि बॅनर्जी हे दोन हिंदी माणसंही 'गून शो'त होती, सेलर्स आणि मिलिगनच्या आवाजात. ते उच्चार आज ऐकताना मला बोचतात. आजोबांना मी तसं सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं आणि तो भाग पुन्हा लावला नाही.

पण हे सगळं एका माणसाच्या खांद्यावर होतं. दर आठवड्याला नवी संहिता, बहुतेक एकट्या मिलिगनच्या हातची. १९५२ च्या अखेरीस त्यांचं मन कोलमडलं आणि दवाखान्यात राहावं लागलं. पुढेही आयुष्यभर नैराश्य येत-जात राहिलं. १९६० पर्यंत कार्यक्रम चालला. १९६२ ची गोष्ट मला सगळ्यात लागली. ज्या देशासाठी लढले, ज्या देशाला हसवलं, त्याने जन्म आणि वडिलांचं मूळ पाहून पासपोर्टवरचा त्यांचा आपसूक हक्क काढून घेतला. त्यांनी आयरिश नागरिकत्व घेतलं. व्हिसाच्या कागदांची फाइल उशाशी ठेवून झोपलेल्या माणसाला यावर वेगळं काही समजवावं लागत नाही.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की या देशाच्या रेडिओवरचा सर्वोत्तम विनोद उंबरठ्यावर उभ्या असलेल्या लोकांनी रचला आहे. 'हॅनकॉक्स हाफ अवर' घ्या. रे गॉल्टन आणि ॲलन सिम्प्सन हे त्याचे लेखक एकमेकांना भेटले ते सरे परगण्यातल्या मिलफर्डच्या क्षयरोग्यांच्या सॅनेटोरियममध्ये, ऐन तरुणपणी. आपल्याकडे मिरजेला जसं होतं तसंच. महिनोन् महिने पडून राहायचं, रेडिओ ऐकायचा, तिथल्या रुग्णांसाठी स्वतः कार्यक्रम लिहायचे. नोव्हेंबर १९५४ मध्ये त्यांनी विनोदी नट टोनी हॅनकॉकला घेऊन जे सुरू केलं त्यात गाणी नव्हती, तुटक चुटके नव्हते, सलग अर्ध्या तासाची एक गोष्ट होती. १९५८ चा त्यांचा रविवारच्या दुपारवरचा भाग जरूर ऐका. पाऊस, उसासे, करायला काही नाही, घड्याळ पुढे सरकत नाही. वर्षभर पलंगावर पडून छत पाहिलेल्या माणसांनाच ही शांतता लिहिता येते. माझे पेशंट मी रोज पाहते, म्हणून सांगते.

आणि 'राउंड द हॉर्न'. त्याआधी हे माहीत हवं की १९४०च्या दशकाच्या अखेरीस बीबीसीने विनोदी कार्यक्रमांसाठी नियमांचं एक पुस्तक काढलं होतं. शौचालय, मधुचंद्राचं जोडपं, बायकांचे आतले कपडे, 'बायकी' पुरुष यांवर विनोद करायचा नाही. मग १९६५ मध्ये रविवारी दुपारी, जेवणं आटोपून घरातले सगळे रेडिओभोवती बसलेले असताना, या कार्यक्रमातली ज्युलियन आणि सँडी ही पात्रं आली. केनेथ विल्यम्स आणि ह्यू पॅडिक यांचे आवाज. दोघं समलिंगी आहेत हे कुठेही न म्हणता सगळं म्हणायचे, कारण ते पोलारीत बोलायचे. नाटकवाले, खलाशी आणि समलिंगी पुरुष यांची ही गुप्त बोली. आपण लहानपणी मोठ्यांसमोर 'च'ची भाषा बोलायचो ना, तसं. फरक एवढाच की इथे पकडलं गेलं तर तुरुंग होता. इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदा बदलला तो १९६७ मध्ये. "बोना टू वाडा युअर डॉली ओल्ड ईक," म्हणजे तुमचा गोड चेहरा बघून बरं वाटलं, हे वाक्य त्याआधी दोन वर्षं आज्यांसकट सगळ्यांच्या कानांवर पडत होतं. कित्येकांना त्या आवाजांनी सांगितलं असेल की तू एकटा नाहीस.

पुढचं भराभर सांगते. डिसेंबर १९६७ पासून 'जस्ट अ मिनिट' चालू आहे. न अडखळता, तोच शब्द पुन्हा न वापरता, विषय न सोडता एक मिनिट बोलायचं. २०१२ मध्ये त्याचे दोन भाग मुंबईत रेकॉर्ड झाले. १९७८ मध्ये 'द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी' आधी रेडिओवर आलं, पुस्तक नंतर. आणि १९९६ मध्ये रेडिओ ४ वर 'गुडनेस ग्रेशस मी' सुरू झालं. मीरा स्याल, संजीव भास्कर, कुलविंदर घीर आणि मुंबईत जन्मलेली निना वाडिया. या खेपेला हिंदी माणसांचे आवाज हिंदी माणसांचेच होते. ते ऐकताना लालकाका-बॅनर्जींचा सल जरा कमी होतो.

माझी आई सांगते, त्यांच्या घरी मुंबई केंद्रावर टेकाडे भावजी यायचे तेव्हा कुकरची शिट्टीसुद्धा नको वाटायची. तिला मी हे सगळं फोनवर सांगते तेव्हा ती मिलिगनला 'आपला नगरचा' म्हणते.

गेल्या वसंतात मी विंचल्सीला गेले. टेकडीवरचं लहानसं गाव, सेंट थॉमस चर्चच्या आवारात मिलिगन यांची समाधी. "मी आजारी आहे, हे सांगितलं होतं ना तुम्हाला," असं त्यांना दगडावर हवं होतं. चर्चने इंग्रजीत ते मान्य केलं नाही, म्हणून ते आयरिश भाषेत कोरलंय. मी नगरहून आणलेला रुमाल अंथरून थोडा वेळ बसले.

यंदा सुट्टीला येताना आजोबांना विचारलं, नगरहून काय आणू? फोटो नको म्हणाले. "आवाज आण."

मग मी फोन घेऊन फिरले. कॅम्पातल्या रस्त्यावरची सकाळ, फाटकाजवळ थांबलेल्या रिक्षा, आणि दुपारी एका रसवंतीतला चरक. परत आल्यावर आजोबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. चरकाच्या घुंगरांना थांबले.

"घोडागाडी?"

"नाही, उसाचा रस काढतात. चरकाला घुंगरू बांधतात, म्हणजे लांबून ऐकू येतं."

त्यांनी मान हलवली, खुब्याचा पाय सावकाश उचलला आणि म्हणाले, "पुन्हा लाव."