जीएमने खेळाडू विकला, तर तुमचं काय जातं?

मी डेट्रॉइटजवळ नोव्हीत राहतो आणि डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा चाहता आहे, हे कळलं की पुण्याहून आलेले पाहुणे काय किंवा ऑफिसातली नवी मंडळी काय, एक प्रश्न ठरलेला असतो. मॅच बघा, ओरडा, तिथवर ठीक आहे. पण कोणाला घेतलं, कोणाला सोडलं यावर भर एप्रिलात, मैदानात चिटपाखरू नसताना, एवढी डोकेफोड कशाला? आणि संघासाठी खेळाडू घेणारा-सोडणारा नवा जनरल मॅनेजर, म्हणजे तुमचा तो जीएम, चांगला की वाईट हे सोफ्यावर बसून कसं कळतं?

कळत नाही. निदान पहिली दोन वर्षं तरी नाही. पण मत मात्र पहिल्या दिवसापासून असतं, आणि ते कुठून येतं ते सांगतो. नव्या जीएमला आम्ही त्याच्या कामावरून जोखतच नाही, त्याच्या आधीच्यांची थकबाकी त्याच्याकडून वसूल करत असतो.

खेळाचा हा भाग आयपीएलवाल्यांना थोडा परका वाटतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजातून येणाऱ्या पोरांचा लिलाव नसतो, ड्राफ्ट असतो, म्हणजे संघांनी पाळीपाळीने करायची निवड. सात राउंड, बत्तीस संघ आणि जो संघ सर्वांत वाईट खेळला त्याची पाळी आधी. या पाळीलाच पिक म्हणतात आणि ती सौद्यात दुसऱ्या संघाला देता येते, अगदी दोन वर्षांनंतरचीसुद्धा. वर पगाराची कमाल मर्यादा सगळ्यांना सारखी. ऑगस्टअखेर नव्वद जणांतून त्रेपन्न ठेवायचे, बाकीच्यांना रामराम. मालकाकडे कितीही पैसा असला तरी चूक पैशाने झाकता येत नाही. म्हणून या खेळात जीएमला एवढं महत्त्व.

आता थकबाकीचं. 2001 मध्ये लायन्सने मॅट मिलनच्या हाती सगळा कारभार दिला. गडी उत्तम लाइनबॅकर, म्हणजे बचावातला खेळाडू, होता, नंतर टीव्हीवर समालोचन करायचा, संघ बांधण्याचा अनुभव शून्य. त्याने 2003, 2004, 2005 अशी सलग तीन वर्षं पहिल्या राउंडमध्ये वाइड रिसीव्हर घेतले. चेंडू झेलणारे एकामागून एक आणि त्यांच्याकडे चेंडू नीट फेकणारा कोणी नाही. लोकांनी डिसेंबर 2005 मध्ये स्टेडियमबाहेर मोर्चा काढला. ‘फायर मिलन’चा घोष इतका मुरला की बास्केटबॉलच्या सामन्यांतही तो ऐकू यायचा. तरी गृहस्थ 2008 च्या सप्टेंबरपर्यंत खुर्चीवर! त्याच्या काळातला हिशेब 31 विजय, 84 पराभव. आणि तो गेला त्या मोसमात संघ सोळाच्या सोळा सामने हरला.

दुधाने एवढं तोंड पोळल्यावर इथला माणूस ताक फुंकून पितो, यात नवल नाही.

ब्रॅड होम्स जानेवारी 2021 मध्ये आला तो या वातावरणात. लॉस एंजेलिसच्या रॅम्समध्ये कॉलेज खेळाडू हेरण्याचं खातं तो सांभाळायचा. आल्यावर पंधरा-वीस दिवसांत त्याने पहिलाच सौदा केला, तो मॅथ्यू स्टॅफर्डचा. स्टॅफर्ड बारा मोसम आमचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू, होता. मोडक्या बोटांनी, दुखऱ्या पाठीने खेळला, तरी प्लेऑफमध्ये एकही विजय नाही. त्याने स्वतःच सुटका मागितली होती आणि त्याबद्दल त्याला कोणी बोल लावला नाही. त्याच्या बदल्यात रॅम्सकडून आला त्यांचा क्वार्टरबॅक जॅरेड गॉफ, तिसऱ्या राउंडचा एक पिक आणि 2022, 2023 चे पहिल्या राउंडचे दोन.

पहिली प्रतिक्रिया काय झाली असेल? होम्स रॅम्सचा माणूस, त्याने जुन्या मालकाचं ओझं आपल्या गळ्यात बांधून घेतलं! गॉफचा 13 कोटी 40 लाख डॉलरचा करार रॅम्सना नकोसा झाला होता, हे उघड होतं. दोनच वर्षांपूर्वी तो सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळला होता, हे कोणाच्या लेखी नव्हतं. गॉफ म्हणजे पिक मिळावेत म्हणून सोसायचा भुर्दंड, असंच सगळे धरून चालले. पुढे 2021 चा मोसम तीन विजय, तेरा पराभव, एक बरोबरी असा संपला आणि फेब्रुवारी 2022 मध्ये स्टॅफर्ड तिकडे सुपर बोल जिंकला. डेट्रॉइटात त्या रात्री लोक खरंच खूश होते. आपल्याकडून गेलेल्याचं भलं झालं म्हणून खूश, आणि दुसऱ्या दिवशी त्याच तोंडाने होम्सच्या नावाने बोटं मोडायला मोकळे.

या सौद्याचा पुढचा प्रवास मला फार आवडतो. त्याची खरी किंमत सौद्याच्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हती. रॅम्स जिंकले, त्यामुळे त्यांचा 2022 चा पिक सगळ्यांत शेवटचा, बत्तिसावा ठरला. होम्सने त्यात आपले आणखी दोन पिक घालून बाराव्या क्रमांकावर उडी घेतली आणि जेमिसन विल्यम्सला उचललं. चार महिन्यांपूर्वी गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला पोरगा! पुढच्या वर्षी रॅम्स कोसळले, पाचच विजय, आणि त्यांचा पिक थेट सहावा झाला. तो होम्सने ॲरिझोनाला देऊन बारावा आणि चौतिसावा मिळवला. बाराव्यावर जमीर गिब्ज, चौतिसाव्यावर सॅम लापोर्टा. म्हणजे एका क्वार्टरबॅकच्या बदल्यात दुसरा क्वार्टरबॅक, एक वाऱ्यासारखा पळणारा रिसीव्हर, चेंडू घेऊन धावणारा एक रनिंग बॅक आणि पहिल्याच मोसमात 86 चेंडू झेलणारा टाइट एंड. यात होम्सचं डोकं किती आणि रॅम्सचं पडणं किती, ते वेगळं काढता येत नाही. मी तरी श्रेय निम्मंच देतो.

गिब्जवरून माझे मित्र माझ्याशी अजून भांडतात. एप्रिल 2023 मध्ये होम्सने बाराव्यावर रनिंग बॅक आणि अठराव्यावर जॅक कॅम्पबेल हा लाइनबॅकर घेतला तेव्हा देशभरच्या पंडितांनी कपाळावर हात मारला. या दोन जागांची माणसं पुढच्या राउंडमध्ये स्वस्तात मिळतात, हा सर्वमान्य हिशेब. दोघंही उत्तम निघाले. म्हणून पंडित मूर्ख ठरले का? मला नाही तसं वाटत. गिब्ज मला जीव की प्राण आहे, पण बाराव्या क्रमांकाची किंमत रनिंग बॅकला द्यावी हे मला आजही पटत नाही. चांगला माणूस मिळाला ही एक गोष्ट आणि भाव योग्य होता ही दुसरी. जीएमला जोखायचं तर भावावरून जोखावं, कारण तेवढंच त्याच्या हातात असतं. पुढे कोणाचा पाय मोडेल हे त्याच्या हातात नसतं. ऑक्टोबर 2024 मध्ये डॅलसला एडन हचिन्सनचं नडगीचं हाड मोडलं, तेव्हा त्याच्या तोडीचा दुसरा पास रशर, म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जाणारा, का ठेवला नाही म्हणून ओरड झाली. ती मात्र रास्त होती, कारण ती उणीव मोसमाआधीपासून दिसत होती.

भावाचा सगळ्यात सरळ दाखला टी. जे. हॉकन्सनचा. 2022 मध्ये सातातले सहा सामने हरल्यावर होम्सने हा निवडक ताऱ्यांच्या प्रो बोलमध्ये गेलेला टाइट एंड मिनेसोटाला विकला, म्हणजे आपल्याच गटातल्या प्रतिस्पर्ध्याला. मालकीणबाई शीला फोर्ड हॅम्प यांना त्याच सुमारास पत्रकारांसमोर येऊन, माझा या लोकांवर विश्वास आहे, असं सांगावं लागलं होतं. लोकांनी हाय खाल्ली. संघ मात्र उरलेल्या दहापैकी आठ सामने जिंकला. त्यातला शेवटचा ग्रीन बेमध्ये, तिथल्या पॅकर्स संघाला घरी बसवून.

मोठ्या नावांवर भांडण होतं, पण माणूस ओळखायचा तर खालची भरती बघावी. अमॉन-रा सेंट ब्राऊन 2021 च्या चौथ्या राउंडमध्ये, 112 व्या क्रमांकावर आला. जेक बेट्स हा किकर तर कुठल्याच ड्राफ्टमध्ये नव्हता. ह्यूस्टनला विटा विकायचा. 2024 च्या वसंतात छोट्या लीगमधल्या मिशिगन पँथर्सकडून त्याने फोर्ड फील्डवर, म्हणजे लायन्सच्याच मैदानावर, 64 यार्डांवरून किक मारली. जूनमध्ये होम्सने त्याला घेतलं आणि नोव्हेंबरात त्याच ह्यूस्टनमध्ये त्याने शेवटच्या किकवर सामना जिंकून दिला. अशा भरतीवर मोर्चा निघत नाही आणि सत्कारही होत नाही.

14 जानेवारी 2024 ला स्टॅफर्ड रॅम्स घेऊन फोर्ड फील्डवर प्लेऑफ खेळायला आला. लायन्स 24-23 ने जिंकले, बत्तीस वर्षांतला पहिला प्लेऑफ विजय, आणि सगळं स्टेडियम ‘जॅरेड गॉफ’ म्हणून गर्जत होतं. ज्याला भुर्दंड म्हणून सोसायचं ठरलं होतं, तोच. स्टॅफर्ड मैदानात उतरला तेव्हा मात्र त्याची हुर्यो उडवली होती. ते मला अजून खटकतं.

तेव्हापासून होम्सला शिव्या देणं अवघड झालं, पण भांडणं थांबली नाहीत, फक्त विषय बदलला. ड्राफ्टमधली स्वस्त पोरं तीन-चार वर्षांनी महाग होतात. 2024 च्या एप्रिलमध्ये सेंट ब्राऊन आणि पेने स्युएलला एकाच दिवशी मोठे करार मिळाले, मेमध्ये गॉफला चार वर्षांचे 21 कोटी 20 लाख डॉलर, पुढच्या वर्षी हचिन्सनला. मर्यादा सगळ्यांना तीच, त्यामुळे एकाला दिलं की दुसऱ्याला सोडावं लागतं. 2025 च्या मार्चमध्ये बचावातला कार्लटन डेव्हिस न्यू इंग्लंडच्या संघात गेला, तेव्हा आमच्या मित्रमंडळींत दोन तास खडाजंगी झाली. मी सोडण्याच्या बाजूने होतो.