बर्फ न टिकणारं छप्पर

रात्रभर बर्फ पडून गेला होता. इंग्लंडमधल्या लेस्टर शहराच्या बेलग्रेव्ह भागातल्या त्या गल्लीत घरांना घरं चिकटलेली, भिंतीला भिंत. सगळी उतरती छपरं पांढरीशुभ्र, फक्त मधलं एक काळं, ओलं, आणि त्याच्या पन्हळीतून पाणी ठिबकतंय. मला तपासायचं घर तेच असणार, हे दारावरचा नंबर बघायच्या आधीच कळलं.

घर ऊब किती धरून ठेवतं हे तपासून त्याला ए ते जी श्रेणी द्यायची, हे माझं काम. लॉफ्टमध्ये, म्हणजे छत आणि छप्पर यांच्यामधल्या पोकळीत, काहीच अंथरलेलं नसेल तर घरातली जवळपास पाव उष्णता वरून निघून जाते. इथे ती बर्फ वितळवत होती आणि तिचे पैसे कुणीतरी भरत होतं.

दार एका वयस्कर गुजराती बाईंनी उघडलं. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकललं, तेव्हा लेस्टरला आलेल्या हजारो कुटुंबांपैकी हे एक. मी त्यांना लगेच मासीच म्हणू लागले. त्यांचे यजमान, म्हणजे काका, वरच्या खोलीत अंथरुणाला खिळलेले. हीटिंग दिवसभर चालू, रेडिएटरला हात लावला तर चटका बसेल इतका गरम, शिवाय पलंगाशेजारी विजेचा हीटर, ज्याचं युनिट इथे गॅसच्या तिप्पट-चौपट महाग. एवढं करून खोलीत १५ अंश. जागतिक आरोग्य संघटना घरात किमान १८ अंश असावेत असं सांगते, आणि आजारी माणसाला त्याहून जास्त ऊब लागते. काकांची बोटं बर्फासारखी गार होती.

एका विक्रेत्याने मासींना रेडिएटरचं पाणी तापवणारा नवा बॉयलर घ्यायला जवळजवळ राजी केलं होतं. दोन-तीन हजार पौंडांचं काम. मला त्याचा खरंच राग आला, कारण तो माणूस वर चढून बघायला तयार झाला नव्हता.

"ऊपर कुछ नहीं है बेटा, बस सामान है," मासी म्हणाल्या. मी शिडी लावून झडप उघडली. टॉर्चच्या उजेडात तुळयांच्या मधे काचतंतूचं जुनं, मळकं अस्तर दिसलं, जेमतेम इंचभर जाडीचं. १९७८ साली लॉफ्टच्या अस्तराला सरकारी अनुदान देणारा कायदा झाला, साधारण त्या काळातलं असावं. त्यावर मुलांच्या शाळेच्या पुस्तकांची खोकी ठेवून ते दबलेलं. आणि नेमकं काकांच्या पलंगाच्या वरच्या छतावर तेही नव्हतं. कुणी इलेक्ट्रिशियनने वायर टाकताना गुंडाळून बाजूला सारलं होतं आणि तसंच सोडलं होतं. उघड्या प्लास्टरवर मी तळहात ठेवला. वरून ते चक्क कोमट होतं. माझ्या तोंडातून वाफ निघत होती आणि हाताखाली काकांच्या खोलीतली ऊब लागत होती.

आता इथे २७० मिलिमीटर जाडी सुचवतात. १०० मिलिमीटरचा थर तुळयांच्या मधे, उरलेला त्यावर आडवा, म्हणजे तुळयांमधूनही उष्णता निसटत नाही. काम करते ती तंतूंमध्ये अडकलेली हवा. दाबून चपटी झालेली गोधडी ऊब देत नाही, तसंच हे. म्हणून खोकी खाली आणायला लावली.

पण अंथरलं की झालं, असं नसतं. वळचणीशी हवा खेळायला जागा सोडावी लागते, नाहीतर आतला दमटपणा लाकडावर साचून ते कुजतं. वायरी अस्तराच्या वर घ्यायच्या, दाबून ठेवल्या तर तापतात. आणि खालची ऊब वर यायची थांबली की लॉफ्ट पूर्वीपेक्षा जास्त गार होतो, म्हणून पाण्याची टाकी आणि पाइपही गुंडाळायचे. टाकीच्या बुडाखाली मात्र अस्तर घालायचं नाही, खालून पोचणाऱ्या थोड्याशा उबेने पाणी गोठायचं टळतं. झडपेच्या पाठीलाही थर हवा. हे सगळं मी कागदावर काढून दिलं आणि बसवणाऱ्या पोरांच्या मागे स्वतः उभी राहिले. काम एका दिवसात झालं, काही शे पौंडांत.

जळगावला आमच्या वरच्या खोलीत मे महिन्यात रात्रीही स्लॅब तापलेला असतो, तेव्हा मला हेच आठवतं. तिथे उष्णता बाहेरून आत येते, म्हणून थर गच्चीवर घालायचा, पण दुर्लक्ष दोन्हीकडे सारखंच. छताच्या वर काय आहे हे बघायला कुणी चढत नाही.

पुढे कामाची तपासणी करायला गेले, तेव्हा थर्मोस्टॅट आधीपेक्षा खाली आणूनही काकांच्या खोलीत १९ अंश होते. विजेचा हीटर कोपऱ्यात बंद. काकांनी वरची रजाई काढायला सांगितली होती, हे मासींनी मला तीनदा सांगितलं. भिंती अजून गारच आहेत. जुन्या भरीव विटांच्या भिंतींना अस्तर लावणं फार खर्चिक, तो विषय आम्ही पुढच्या वर्षावर टाकला. बॉयलरवाल्याला मासींनी फोनवर नाही म्हणून कळवलं आणि मंदिरातल्या दोन मैत्रिणींना बिलं घेऊन चहाला बोलावलं. त्यांच्या घरच्या टाक्या कुठे आहेत ते मी वहीत लिहून घेतलं.